न्यूमोनिया कसा ओळखलात? (की नाही ओळखलात?) अनुभव लिहा

ओवीची_आई
काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची मुलगी भेटली. आठ महिन्यांचं बाळ खांद्यावर, "थोडी सर्दी आहे हो काकू." झबलं वर सरकलेलं होतं, माझी नजर पोटावर गेली आणि माझ्याच पोटात गोळा आला. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तिला वॉचमनच्या खुर्चीत बसवलं, त्याचंच घड्याळ मागून घेतलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. ५८. म्हटलं, घरी जाऊ नकोस, अशीच दवाखान्यात चल.

मला हे कळतं, कारण २००९ मध्ये कळलं नव्हतं. ओवी अकरा महिन्यांची होती. ताप उतरला म्हणून मी निर्धास्त (औषधाने उतरलेला ताप तो, चार तासांनी परत हजर). दोन रात्री दर श्वासाला बारीक कण्हत होती, मला वाटलं दात येतायत. नाकपुड्या फुलत होत्या ते तर मला गोड वाटलं, फोटो काढला होता. अजून आहे तो, बघवत नाही. तिसऱ्या दिवशी दूध ओढेना तेव्हा पळालो. सहा दिवस अ‍ॅडमिट.
आता बाईसाहेब घर हलेल इतक्या जोरात दार आपटतात. फुफ्फुसं ठणठणीत.

तुमच्याकडे कसं कळलं?

कुल्फी_नाना
मुलगा ६ वर्षांचा. ताप आणि पोटात उजवीकडे दुखतंय म्हणून रडत होता. अपेंडिक्स समजून थेट सर्जनकडे. त्यांनी पोट दाबता दाबता मध्येच हात थांबवला, म्हणाले, हा एवढा भराभर श्वास का घेतोय? एक्स-रे काढला तो छातीचा. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा. तिथे झालं की दुखणं पोटात जाणवू शकतं म्हणे. खोकला दुसऱ्या दिवशी सुरू झाला!! म्हणजे आधी निदान, मग लक्षण

साबुदाणावडा
बापरे नाना

गावची_आशा
मी आशा सेविका आहे, विदर्भात. आमच्याकडे याला डब्बा म्हणतात. बाई सांगते, "ताई, लेकराला डब्बा झाला, पोट उडून राह्यलं." अर्धं निदान तिनंच केलेलं असते. आम्हाला शिकवलेले आकडे लिहून ठेवा: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष ५०, वर्ष ते पाच वर्षं ४०. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट नाही करायचं, लहान लेकरांचा श्वास एकसारखा नसते. लेकरू रडत नसलं पाहिजे.
गडचिरोलीत डॉ. बंग यांच्या सर्च संस्थेने ज्यांना आकडे येत नव्हते अशा बायांसाठी मण्यांचं साधन केलं होतं. वाळूचं घड्याळ आणि दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. आमच्या एक जुन्या मावशी अजून सांगतात त्याच्याबद्दल.
पोटावर चटके देणारे अजून आहेत. मागच्या हिवाळ्यात एक बाळ आलं तसं, श्वास ७२ आणि वर जखमा. त्याचं नंतर लिहीन, आता भेटीला निघाली.

ओवीची_आई
आशाताई, नक्की लिहा. चटके वाचून शहारा आला.

मिरजकर
लहान पोरांचं चाललंय, मी ४१ चा घोडा. संध्याकाळी बाईकवरून येताना एकदम हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, मे महिन्यात! रात्री डाव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखं. खोल श्वास घेतला की दुखायचं, नाही घेतला की नाही. मला वाटलं हार्ट. बायकोला बँकेचे पासवर्ड सांगून टाकले. सकाळी थुंकी विटकरी रंगाची. तर मी काय समजावं? काल रात्रीचं पान!! डॉक्टरांनी वाटीतली थुंकी नुसती बघितली आणि म्हणाले, किती दिवस सिगरेट ओढताय.
सोडली. सहा आठवड्यांनी परत एक्स-रे काढायला लावला, धूम्रपानवाल्यांचा काढतात म्हणे, आत दुसरं काही लपलेलं नाही ना ते बघायला.

साबुदाणावडा
पासवर्ड बदलले का नंतर

मिरजकर
तिने बदलले

तेजू_डोंबिवली
सासूबाई ७८. ताप नाही, खोकला नावाला. फक्त मला नणंदेच्या नावाने हाक मारायला लागल्या आणि दुपारी विचारलं, "शाळा सुटली का गं?" आम्ही सगळे गप्प. नवरा बाहेर जाऊन रडला, आई विसरायला लागली म्हणून. तीन दिवस आम्ही हेच धरून चाललो, न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली. जेवण सुटलं, बाथरूममध्ये तोल गेला. मग धाकट्या दिराने कोविडवाला ऑक्सिमीटर शोधला. ८६. वयस्कर लोकांत असंही होतं, ताप येतच नाही, डोकंच भरकटतं. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी मला माझ्या नावाने हाक मारून म्हणाल्या, चहात साखर कमी आहे. इतका आनंद कधी झाला नव्हता टोमणा ऐकून.

कुल्फी_नाना
😂😂 साखर

पुणेरी_पाटी
ऑक्सिमीटर सगळ्यांच्या घरी ड्रॉवरमध्ये आहे आणि सगळ्यांच्या सेलला गंज आहे. आत्ताच बघितला. दोन ट्रिपल ए लागतात, लिहून ठेवा.

तेजू_डोंबिवली
आणि नेलपेंट काढून लावा. गार बोटांनाही चुकीचं येतं, हात चोळून घ्या आधी.

अण्णांची_सून
आमच्याकडे लहान मुलांना ओव्याची पुरचुंडी आणि नाकात दोन थेंब तेल, कुणाला काही झालं नाही आजवर. हल्ली उगाच घाबरवतात.

खोबरंखिसणी
ताई, पुरचुंडी ठीक, पण नाकात तेल नको हो. माझ्या भाचीला तेच झालं. आजी रोज अंघोळीनंतर घालायची, बाळ रडत असताना. तेल श्वासावाटे फुफ्फुसात गेलं, न्यूमोनिया झाला तोही लवकर बरा न होणारा. डॉक्टरांनी आजीला विचारलं तेव्हा आजी दोन दिवस जेवली नाही. प्रेमानेच करत होती ना ती. घरात आजही कोणी तो विषय काढत नाही.

अण्णांची_सून
हे माहीत नव्हतं. सासूबाईंना कसं सांगू हा वेगळा धागा काढावा लागेल.

साबुदाणावडा
काढा, १०० प्रतिसाद नक्की

राधा_बाळाचीआई
न्यूमोनियाची लस सरकारी दवाखान्यात मिळते का? जावेने खाजगीत प्रत्येक डोसला तीन हजारांच्या वर दिलेत.

गावची_आशा
मिळते, फुकट. पीसीव्ही म्हणतात. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली, २०२१ पासून देशभर. पेंटा म्हणजे पाच रोगांची एकत्र लस, त्यातली हिब पण त्याच कामाची. पण लस झाली म्हणजे होणारच नाही असं नाही, श्वास मोजायचाच.

पुणेरी_पाटी
बरं झाल्यावर अशक्तपणा किती दिवस राहतो? वडिलांना महिना झाला, जिना चढला की बसतात.

मिरजकर
मला दोन महिने लागले. बायको पायाचं सूप द्यायची रोज.

खोबरंखिसणी
रेसिपी??

मिरजकर
तिला विचारून टाकतो. आलं, लसूण, मिरी, भरपूर वेळ मंद आचेवर. कुकर नाही, ती कुकरला नावं ठेवते.

राधा_बाळाचीआई
एक विचारू? माझा दीड वर्षाचा परवापासून खोकतोय. डॉक्टरांनी काल सर्दी सांगितली. हे सगळं वाचून झोप उडाली. झोपेत मोजलं तर चालतं का?

गावची_आशा
चालते, उलट बरं. अंगडं वर करा, लाईट लावा, पोटाकडे पाहा. वर गेलं खाली आलं की एक.

राधा_बाळाचीआई
४६

राधा_बाळाचीआई
परत मोजलं, ४८. खड्डा आहे की नाही कळत नाहीये, मला सगळंच खड्डा वाटतंय.

गावची_आशा
४० च्या वर आहे. खड्डा नसला तरी जा. सकाळची वाट नका पाहू.

ओवीची_आई
राधा, जा गं. सर्दीच निघाली तर चांगलंच.

खोबरंखिसणी
मिरी अख्खी की कुटून?

मिरजकर
अहो वर वाचा जरा

खोबरंखिसणी
अरे देवा, सॉरी. राधाताई, पोचलात का?

राधा_बाळाचीआई
पोचलो. ऑक्सिजन ९१. नळी लावली, ठेवून घेतायत. काल खरंच नव्हतं हो, छाती तपासली होती. रडून रडून आता झोपलाय. चार्जर घरी राहिला, उद्या लिहिते.