रामकुंडावरचे दोन तास: मुलांना समाजसेवा शिकवायची की सामाजिक न्याय?

गंगापूर रोडचे पालक
काल एका पालकांनी येथे मोठ्या अभिमानाने लिहिले की, त्यांच्या मुलाच्या शाळेने नववीच्या विद्यार्थ्यांकडून नाशिकच्या रामकुंड घाट परिसराची दोन तास स्वच्छता करून घेतली, प्रत्येकाला समाजसेवेचे प्रमाणपत्र दिले आणि हा उपक्रम शहरातल्या सर्व शाळांनी सक्तीचा करावा. मला हे पटलेले नाही.

माझी मुलगी यंदा अशाच एका मोहिमेला गेली होती. मुलांना नवे झाडू आणि हातमोजे मिळाले, फलकामागे उभे करून त्यांचे फोटो काढले गेले. तेवढा वेळ एक सफाई कामगार ढकलगाडीला टेकून थांबला होता, आणि मुले बसमध्ये बसल्यावर त्याने निर्माल्याचा तो ओला ढीग उघड्या हातांनी गाडीत भरला. मुलीने शिक्षकांना विचारले, "त्यांना हातमोजे का नाहीत?" उत्तर मिळाले, "रांगेत उभी राहा."

घाटावरून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तेथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालवला आणि तरीही दार उघडले नाही, तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मुलांना पंचवटीपर्यंत नेऊनही याबद्दल त्यांना चकार शब्द सांगितला जात नसेल, तर ती फक्त साफसफाई झाली. तिला शिक्षण म्हणू नये.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातपूर
आपली कळकळ समजते, पण आपण सुरुवातीलाच खोडा घालत आहात. मी एकतीस वर्षे शिकवले. माझ्या महाविद्यालयीन काळात राष्ट्रीय सेवा योजना नवी होती, ती 1969 साली सुरू झालेली, आणि दहा दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात दगड वाहिल्यावर मला गाव जेवढे कळले तेवढे कोणत्याही भाषणाने कळले नसते. आधी हाताला काम लागू द्या, प्रश्न आपोआप पडतात. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात अन्यायाची भाषा आधी भरली, तर त्यांच्या हाती झाडू येणारच नाही, फक्त तक्रार येईल.

पेठ तालुक्यातील शिक्षक
बाई, गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत, आणि ते कीर्तन म्हणजे समोर बसलेल्या माणसांना विचारलेले एकामागून एक प्रश्नच असत. आपण खराटा घेतला आणि कीर्तन गाळले.

शहरातल्या शाळांच्या बस आमच्याकडेही येतात. मागे एकदा चपला वाटण्याचा कार्यक्रम होता. ज्या मुलांच्या पायांत चपला होत्या, त्यांना फोटोपुरत्या त्या काढून भिंतीमागे ठेवायला सांगितले. एक मुलगी तयार होईना, कारण तिच्या चपला तिच्या आईने द्राक्षबागेच्या मजुरीतून आणलेल्या होत्या. तिला शेवटी रांगेतून बाहेर काढले. त्या दिवशी आम्ही तिला काय शिकवले, हे मला आजही सतावते.

इंदिरानगरची आई
मूळ मुद्दा वेगळाच आहे. आम्ही फी भरतो ती मुलांनी झाडू मारावा म्हणून नव्हे. गृहपाठ केला नाही म्हणून माझ्या मुलाला शाळेत आठवडाभर वर्ग झाडायला लावला. मी जाऊन भांडले आणि पुन्हा भांडेन.

पेठ तालुक्यातील शिक्षक
शिक्षा म्हणून झाडू देणे वाईटच, कारण त्यातून झाडणे ही कमीपणाची गोष्ट आहे एवढेच मूल शिकते. पण फी भरली म्हणून झाडू नाही, हे तुमचे म्हणणे त्याच शिक्षेच्या मुळाशी आहे! आमच्या शाळेत शिपाई नाही. परिपाठाआधी मुले पटांगण झाडतात, मीही झाडतो, आणि त्याचे प्रमाणपत्र आजवर कोणी मागितलेले नाही.

इंदिरानगरची आई
तुमच्याकडे सोय नाही, याला संस्कार म्हणू नका. शाळेचे स्वच्छतागृहही मुलांनीच धुवायचे का? स्पष्ट सांगा.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातपूर
आपल्या घरचे आपण धुतो, तसे शाळेचे का नको? माझ्या शाळेत पाळ्या लावल्या होत्या आणि कोणाचेही काही बिघडले नाही.

नाशिक रोडचा वाचक
कोणाचे बिघडले नाही, हे कोणाला विचारून लिहिलेत? माझे वडील सफाई कामगार होते. आमच्या वर्गातही पाळ्या होत्या, फळ्याच्या कोपऱ्यात नावे लिहिलेली असत. मात्र मुतारी तुंबली की पाळी कोणाचीही असो, गुरुजी माझ्याकडे पाहत. "तुला सवय असेल," हे शब्द मी सातवीत ऐकले. मी घरी सांगितले नाही, कारण वडिलांना वाईट वाटले असते. हाताने मैला साफ करायला लावण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला पुढे नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करताना कळले. शाळेने सांगितले नव्हते. झाडू हातात घेतल्याने श्रमाला प्रतिष्ठा मिळते, असे येथे सगळेच गृहीत धरतात. तो कोणाच्या हातात दिला जातो, हे आधी पाहा.

इंदिरानगरची आई
हे वाचून मी थांबले. स्वच्छतागृहाला माझा विरोध कायम आहे. मात्र माझा मुलगा आठवडाभर झाडत होता तेव्हा मला फक्त त्याचा अपमान दिसला. शाळेत रोज झाडणाऱ्या मावशींचे नावसुद्धा मला माहीत नाही.

गंगापूर रोडचे पालक
माझेही एक म्हणणे मागे घेतो. हातमोज्यांचा प्रश्न मुलीला घाटावर गेल्यामुळेच पडला, घरी बसून पडला नसता. बाईंचे तेवढे खरे. पण तो प्रश्न ऐकून घेणारा शिक्षक तेथे हवा होता. मुलांनी महापालिकेला पत्र लिहून हातमोज्यांबद्दल विचारले असते, तर मी त्या प्रमाणपत्राला चौकट करून लावली असती.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातपूर
पत्राची कल्पना मला मान्य आहे. काळारामाची माहितीही द्यावी, मात्र घाटावरचे काम झाल्यावर, आधी नव्हे. यावर मी ठाम आहे. नाशिक रोडच्या वाचकांना एवढेच सांगते की, आमच्या शाळेतल्या पाळ्यांबद्दल मी कोणालाही विचारले नव्हते. आता माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारीन.

पेठ तालुक्यातील शिक्षक
ज्यांना बस आणायची आहे त्यांनी जरूर आणावी, पण वाटपाचे काहीही आणू नये. उन्हाळ्यात या, आमच्या मुलींबरोबर रिकामे हंडे घेऊन विहिरीपर्यंत चाला आणि भरलेले घेऊन परत या. धरणांच्या जिल्ह्यात, एवढा पाऊस पडणाऱ्या डोंगरात, एप्रिलमध्ये विहीर कोरडी का पडते, हे मग दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र बसून शोधावे. फोटो काढू दिले जाणार नाहीत.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातपूर
शाळेशी माझा अजून संबंध आहे. नववीची परीक्षा संपली की येऊ. किती मुले आणू आणि हंडे आम्ही आणायचे का, एवढे कळवावे.