हातावरचे दाबबिंदू : कोणाला कशावर गुण आला?

घाटवाट (धागाकर्ते) : गाडी लागणे, डोके धरणे, झोप न येणे अशा किरकोळ तक्रारींवर हातावरचे बिंदू दाबल्याने (म्हणजे ॲक्युप्रेशरने) बरे वाटते, असे पुष्कळजण सांगतात, मात्र बिंदू नेमका कोणता, तो कसा शोधला आणि किती वेळ दाबला, असे विचारले की उत्तरे मोघम होतात. म्हणून कृपया तपशिलासह अनुभव लिहावेत. गुण आला नसेल, तर तेही अवश्य लिहावे.

सुरुवात मी करतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात मला हमखास गाडी लागते. तळहात वर करून मनगटाच्या घडीपाशी दुसऱ्या हाताची तीन बोटे आडवी ठेवली की जिथे तिसरे बोट संपते, तिथे दोन कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधल्या खोबणीत ‘नेइग्वान’ हा बिंदू सापडतो. घाट लागण्यापूर्वीच तो अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबून, थोडे थांबून पुन्हा दाबत राहिलो, तर पोट बऱ्यापैकी ताब्यात राहते. मळमळ एकदा चढली की मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही, निदान मला तरी.

रानजाई : मला त्या दोन कंडरा सापडतच नव्हत्या. माझी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे. तिने अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट किंचित आत वळवायला सांगितले. असे केल्यावर बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक कंडरा उठून दिसते, पण काहींच्या हातात ती जन्मतःच नसते, आणि मी त्यांपैकीच एक निघाले. अशा वेळी मनगटाचा मध्य धरून अंतर मोजावे, असे तिने सुचवले. गरोदरपणात पहिल्या तिमाहीत डॉक्टरांना विचारून मी याच जागी टेकणारे प्लॅस्टिकचे बटण असलेला पट्टा बांधत असे. उलट्या पूर्ण थांबल्या नाहीत, परंतु फोडणीच्या वासाने उठून पळण्याची वेळ कमी आली. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला ‘हेगू’ बिंदू मात्र गरोदरपणात दाबू नये, असा या शास्त्रातच संकेत आहे. तो मी पाळला.

खडीसाखर : ‘हेगू’चाच माझा अनुभव लिहितो. अर्धशिशी उठली की तो दाबावा, असे मला अनेकांनी सांगितले. नीट दाबला तर तिथे एवढे दुखते की डोक्यावरचे लक्ष तेवढ्यापुरते हाताकडे जाते. यालाच गुण म्हणायचे असेल, तर गुण आला. हात सोडला की डोके पूर्ववत ठणकू लागते. शेवटी गोळी आणि अंधारी खोली हेच माझे औषध.

चादरवाला : मी सोलापूरचा. दिवसभर संगणकावर बसून कोपराची बाहेरची बाजू दुखत असे, म्हणून ॲक्युप्रेशरच्या एका शिबिराला गेलो होतो. तेथील शिक्षकांनी आरंभीच सांगितले, की आमच्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे तिथे ॲक्युपंक्चर (बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत) शिकून ते १९५९ मध्ये भारतात आणले. ॲक्युप्रेशरमध्ये सुया नसतात, बिंदू मात्र तेच. कोपर दुमडल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाशी एक आणि त्याखाली सुमारे दोन अंगठ्यांच्या रुंदीवर दुसरा, असे दोन बिंदू मी रोज दाबत असे. दुखणे ओसरले, हे खरे. पण त्याच सुमारास खुर्चीची उंचीही वाढवली होती, त्यामुळे श्रेय कोणाचे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सायंतारा : झोपेसाठी मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूची खळगी दाबते. झोप लागते, पण दिवा मालवून, मोबाइल दूर ठेवून शांत पडून राहिल्यामुळेही ती लागत असावी.

निवृत्त परिचारिका : वरच्या अनुभवांत मळमळीचा अनुभव वेगळा काढावा लागेल, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसाठी ‘नेइग्वान’ बिंदूवर पुष्कळ चाचण्या झाल्या असून खोट्या बिंदूच्या (तुलनेसाठी मुद्दाम निवडलेल्या भलत्याच जागेच्या) तुलनेत त्याचा फायदा दिसून आला आहे. झोप किंवा अर्धशिशीबाबत इतक्या खात्रीने बोलता येत नाही. मनगटाच्या त्या खोबणीखालून मोठा मज्जातंतू जातो, तेव्हा बोटांना मुंग्या येईपर्यंत दाबू नये. आणि मळमळीबरोबर छातीत दडपण, घाम किंवा डाव्या हातात कळ असेल, तर बिंदू शोधत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

रानजाई : माझ्या सासऱ्यांचे डायलिसिस सुरू आहे आणि त्यांना सतत मळमळते. त्यांना तो पट्टा बांधला तर चालेल का?

निवृत्त परिचारिका : ज्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) केला आहे, त्या हाताला पट्टाही नको आणि दाबही नको; तेथील रक्तप्रवाह बंद पडू शकतो. दुसऱ्या हाताला सैलसर पट्टा चालेल का, हे त्यांच्या डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारा, आणि मळमळ रोजची असेल तर तीही त्यांच्या कानावर घाला, कारण तिचे कारण रक्ततपासणीत सापडू शकते.