भाऊबीजेला सातारा ते आष्टा : पुण्याच्या भरलेल्या गाडीची वाट बघू, की तुकड्यातुकड्यानं जाऊ?

माहेरवाशीण
सासर सातारा, माहेर सांगलीजवळचं आष्टा. आठ वर्षं झाली, पण भाऊबीजेला निघायचं म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. स्वारगेट-सांगली एसटी साताऱ्यात शिरते तीच खचाखच भरून. दार उघडायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशव्या, आणि एकदा तर एका काकांनी स्वतःचा नातूच आत सोडला होता. माझ्याबरोबर सात वर्षांचा मुलगा, एक बॅग आणि सासूबाईंनी दिलेला फराळाचा डबा. मागच्या वर्षी साडेआठला फलाटावर आले, तीन गाड्या सोडल्या, चौथीत कराडपर्यंत उभ्यानं. घरी पोचायला दीड वाजला. भाऊ पाट मांडून उपाशी, आणि डब्यात चकल्यांचा चुरा.

त्याच्या आदल्या वर्षी एका ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं होतं. पहाटे हायवेला उभं राहा म्हणाले. उभी राहिले. फोन केला तर, "गाडी पुलावरून गेली ताई, तुम्ही सर्व्हिस रोडला कशाला थांबला?"

नवऱ्याला सुट्टी पाडव्यापर्यंतच. कुणी काही मार्ग सुचवेल का?

कृष्णाकाठ
रेल्वेनं जा की सरळ सांगलीला.

माहेरवाशीण
स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. आणि सांगलीत उतरून परत वीसेक किलोमीटर मागं आष्ट्याला यायचं. डबा घेऊन ही उलटी वारी नको.

जुना कंडक्टर
ताई, बॅग अडकवून २६ वर्षं काढली, आता घरी बसून हेच वाचतो. तुमची चूक एकच : दुसऱ्या गावाहून येणाऱ्या गाडीत तुम्ही जागा शोधताय. सणात गाडी जिथनं सुटते तिथं जागा असते, वाटेत नसते. साताऱ्यातून आरक्षण मिळतं, पण गाडी पुण्याकडनं येताना खंबाटकी घाटात अडकली तर ते तिकीट हातात धरून फलाटावरच बसायचं.

सकाळी सहाला स्टँडवर या. त्या वेळी मुंबईच्या रातराण्या सोडल्या, तर उभ्या असतात त्या बहुतेक साताऱ्याच्याच गाड्या. सातारा-कराड धरा. कराडला उतरून इस्लामपूर, तिथून सांगलीकडं जाणारी कुठलीही गाडी आष्ट्यावरूनच जाते. तीन गाड्या, पण तिन्हीत बसून. नऊनंतर मात्र हेही चालणार नाही. त्या दिवशी अख्खा जिल्हा भावाकडं निघालेला असतो.

पैशाचं म्हणाल तर बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, आणि पोरगं पाच ते बारातलं म्हणून त्याचंही अर्धं. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं, त्यामुळं प्रवास तोडला की चार-दोन रुपये जास्त जातील. जाऊ द्या.

अजून एक. जादा गाडी मोबाईलवर दिसेलच असं नाही. गर्दी बघून कंट्रोलर ऐनवेळी सोडतो. बोर्डापुढं उभं राहू नका, त्याच्या खिडकीपाशी राहा. आणि त्याच्याशी गोड बोला, त्याची पण भाऊबीज असते.

पेठकर
काकांचं बरोबर. फक्त कराडला इस्लामपूर गाडी लवकर नाही मिळाली, तर कोल्हापूरकडं जाणारी धरून पेठ नाक्याला उतरा. तिथनं इस्लामपूरला वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप, असतं. वडापवाला "बसा, निघालोच" म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका, भरल्याशिवाय तो हलत नाही. हायवेचं सहापदरीकरण चालू असल्यानं पाऊण तास जास्तीचा धरून चला.

माहेरवाशीण
पोचले! सहा दहाला स्टँडवर, कराड गाडीत खिडकी मिळाली, मुलगा उंब्रजपर्यंत झोपला. कराडला मात्र इस्लामपूरच्या गाडीला ही झुंबड. पाच मिनिटं बघितलं आणि पेठकरांचं ऐकून कोल्हापूरची पकडली. त्यात उभ्यानं, पण तेवढंच. पेठ नाक्यावर वडापात आम्ही अकरा जण आणि एक कोंबडा. कोंबड्याचं भाडं घेतलं का ते विचारायचं राहिलं. दहाच्या आत घरात. भाऊ अजून आंघोळ करत होता, त्याला वाटलं नेहमीसारखी दुपार होणार.

चकल्या अख्ख्या आहेत, करंज्या दोन फुटल्या.

आता परतीचं सांगा. रविवारी निघायचा विचार आहे.

जुना कंडक्टर
रविवारी सांगली-कोल्हापूरचं सगळं पुण्याला परत निघतं. त्या गर्दीत कराडलासुद्धा पाय ठेवायला जागा मिळायची नाही. मंगळवारी निघा. शाळेच्या सुट्ट्या हायत न्हवं?