मदत हवी आहे: टीएससीच्या पोराचा एमआरआय, सीटी एक म्हणते आणि एमआरआय तीन गोष्टी

आरबीएसके_धारणी
ट्यूबरस स्क्लेरोसिसचा (टीएससी, मेंदू-त्वचा-किडनीत गाठी करणारा जनुकीय आजार) पोरगा आहे. एमआरआयच्या रिपोर्टमधलं जसंच्या तसं देतो. दोन्ही बाजूंना कॉर्टिकल ट्यूबर्स (मेंदूच्या वरच्या थरातले बिघडलेले भाग). व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) भिंतीला सबएपेन्डायमल नोड्यूल्स (बारीक गाठी), त्यातला उजव्या फोरामेन ऑफ मन्रोजवळचा (पोकळ्यांना जोडणारं भोक) काँट्रास्ट (शिरेतून दिलेला रंग) घेतो, 'सेगा?' (टीएससीतला मेंदूचा ट्यूमर). शिवाय दोन्ही थॅलॅमस आणि ग्लोबस पॅलिडसमध्ये (मेंदूच्या खोल भागातली केंद्रं) डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन (पाण्याची हालचाल अडलेले उजळ डाग), 'मायटोकॉन्ड्रियल?' (पेशींच्या ऊर्जेचा जनुकीय आजार). आधीच्या सीटीवर मात्र 'कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा, इन्फेक्टिव्ह' (इन्फेक्शनची जुनी, चुना धरलेली गाठ) लिहून आहे. आता पालकांना ट्यूमर सांगू, इन्फेक्शन सांगू, की तिसराच आजार? उद्या सकाळी येऊन राहिले ते. फिल्मचा फोटो जोडला आहे. लवकर सांगा जी.

फिल्मवाला
फोटोत ट्यूबलाइटच दिसून राहिली, भाऊ. वय किती? वजन? मन्रोजवळचा नोड्यूल किती मिलिमीटर? आधीचा एमआरआय आहे का? औषधं कोणती?

कृमीमुक्त
आपल्या भागात डोक्यातले कॅल्सिफाइड ठिपके म्हणजे न्यूरोसिस्टिसरकोसिस (मेंदूतला डुकराचा पट्टकृमी), जोवर दुसरं सिद्ध होत नाही तोवर. गावात डुकरं मोकळी, भाजी न धुतलेली. जंताचं अल्बेंडाझोल १५ मिग्रॅ किलोमागे, सोबत स्टेरॉइड. सीटीवाला बरोबर बोलतो.

फिल्मवाला
काहून अल्बेंडाझोल? कॅल्सिफाइड झालेली सिस्ट म्हणजे मेलेला जंत, त्याला अल्बेंडाझोल देऊन काय मारता? आणि जागा पाहा. सिस्टिसरकोसिसचे ठिपके बहुतेक मेंदूच्या मांसात, ग्रे-व्हाइटच्या सीमेवर विखुरलेले असतात. टीएससीचे नोड्यूल लॅटरल व्हेंट्रिकलच्या भिंतीला चिकटून आत डोकावतात, जास्त करून कॉडेट आणि थॅलॅमसमधल्या खाचेपाशी. सीटीत फक्त कॅल्शियम ठळक दिसतं आणि ट्यूबर्स सहज सुटतात, म्हणून अंगावरचे डाग न सांगता सीटी केली की रिपोर्ट 'ग्रॅन्युलोमा'वरच थांबतो.

नवजात_कक्ष
व्हेंट्रिकलभोवती कॅल्शियम म्हटलं की सीएमव्ही (गर्भात लागणारा विषाणू) आधी आठवायला हवा. डोक्याचा घेर लहान आहे का? ऐकू येतं का? टॉर्च (गर्भातल्या संसर्गांची रक्ततपासणी) केली का?

आरबीएसके_धारणी
टॉर्च नाही केली. डोकं लहान नाही. अंगावर पांढरे डाग आहेत, म्हणून तर टीएससी म्हटलं. नोड्यूल ७ मिमी. आधीचा एमआरआय नाही. मी सेगाचं विचारलं, ते सांगा ना.

फिल्मवाला
वय अजूनही लिहिलं नाही तुम्ही.

गडचिरोली_त्वचा
पांढरे डाग म्हणता, पण संवेदना तपासली का? आपल्या जिल्ह्यांत कुष्ठरोग अजून संपलेला नाही. कापसाची वात फिरवून पाहा, नस जाड आहे का पाहा.

वर्धा_बालरोग
डॉक्टरसाहेब, तान्ह्या पोराला डोळे बांधून कापूस कसा विचारणार? वुड्स लॅम्प (अतिनील दिवा) लावा. अंधाऱ्या खोलीत टीएससीचे डाग जास्त उठून दिसतात. ५ मिमी किंवा मोठे किमान ३ डाग हा एक मोठा निकष. एकाहून जास्त ट्यूबर्स हा दुसरा, किमान २ सबएपेन्डायमल नोड्यूल्स हा तिसरा. निश्चित निदानाला दोन मोठे निकष पुरतात. जनुकीय तपासणी पुढच्या बाळंतपणाच्या सल्ल्यासाठी हवी, पण निदान तिच्यावाचून अडत नाही. जीन्स दोन: टीएससी१ नवव्या गुणसूत्रावर, टीएससी२ सोळाव्यावर. साधारण दोन तृतीयांश रुग्णांत बदल नव्यानेच झालेला असतो, तरी आईबापाचा चेहरा आणि नखं पाहाच. बापाच्या नाकाशेजारची 'मुरमं' कधी अँजिओफायब्रोमा (टीएससीच्या चेहऱ्यावरच्या गाठी) निघतात.

अमरावती_मेडिकल
सेगा असेल तर एव्हरोलिमस (गाठ आकसवणारी गोळी) आहे ना. थांबता कशाला? दिवसाला ४.५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, लगेच सुरू करा. गाठ आकसते.

वर्धा_बालरोग
सेगा असेल *तर*. ७ मिमी आहे आणि तुलनेला जुनं काही नाही. काँट्रास्ट घेतो म्हणून सेगा होत नाही, साधे नोड्यूलही रंग घेतात. त्या खाचेपाशी १ सेंमीहून मोठा, किंवा कुठेही असला तरी लागोपाठच्या स्कॅनमध्ये वाढलेला, त्याला सेगा म्हणायचं. आज पालकांना एवढंच सांगायचं: त्या जागी एक गाठ आहे, आज ती ट्यूमरच्या मापात बसत नाही, तिच्यावर नजर ठेवायची. लक्षणं नसतील तर २५ वर्षांपर्यंत दर १ ते ३ वर्षांनी एमआरआय. हा मन्रोजवळचा आहे, म्हणून पहिला फेरा मी लवकर ठेवीन, तोही त्याच मशीनवर आणि तेवढ्याच पातळ स्लाइसमध्ये. नाहीतर २ मिमीची 'वाढ' नुसत्या मोजणीतून निघते.
आणि मेडिकलवाले भाऊ, एव्हरोलिमसला रक्तातली पातळी मिलीला ५ ते १५ नॅनोग्रॅम ठेवावी लागते, तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, फिट्सचं फिनिटॉइन वा कार्बामाझेपिन सोबत असलं तर पातळी पडते. जिवंत लसी त्याआधी उरकाव्या लागतात. १६ ते २४ महिन्यांतला एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) दुसरा डोस झाला का ते कोणी विचारलं?

आरबीएसके_धारणी
वय दीड वर्ष. एमआरचा दुसरा बाकी आहे. बरं, थॅलॅमसचं काय? मायटोकॉन्ड्रियल म्हणजे दोन-दोन जनुकीय आजार एका लेकराला?

फिल्मवाला
फिट्सचं औषध कोणतं? दुसऱ्यांदा विचारतो.

आरबीएसके_धारणी
पहिल्यांदाच विचारलं एवढं सरळ. त्याचा स्कॅनशी काय संबंध? व्हिगाबॅट्रिन आहे, ५०० ची गोळी, सकाळी १ रात्री २. इन्फंटाइल स्पाझम (तान्ह्या वयातले झटके) होते, आता बंद आहेत.

फिल्मवाला
तोच संबंध आहे. व्हिगाबॅट्रिनवरच्या लहान बाळांत थॅलॅमस, ग्लोबस पॅलिडस, ब्रेनस्टेमची मागची बाजू आणि डेंटेट न्यूक्लियस दोन्ही बाजूंना सारखे उजळतात, डिफ्यूजनमध्येही. चित्र मायटोकॉन्ड्रियलसारखंच दिसतं. मागणीपत्रावर औषधाचं नाव नसलं की रेडिओलॉजिस्ट तेच लिहिणार, त्याचा दोष नाही. डोस जास्त असला, किंवा सोबत एसीटीएच वा प्रेड्निसोलोनसारखं हार्मोन-स्टेरॉइडचं औषध असलं, की शक्यता वाढते. वजन किती?

आरबीएसके_धारणी
९ किलो. स्टेरॉइड नाही.

वर्धा_बालरोग
१५०० भागिले ९ म्हणजे दिवसाला किलोमागे जवळपास १६७ मिग्रॅ. नेहमीची वरची मर्यादा १५०. कदाचित पोरगा जड असताना डोस ठरला आणि पावसाळ्यात वजन उतरलं, मेळघाटात हे नवं नाही. पण उद्या औषध बंद करू नका. एकदम तोडलं तर स्पाझम परत येतील, आणि ते या डागांपेक्षा वाईट. आजच त्याच्या न्यूरोलॉजिस्टला फोन करून नवा डोस घ्या. हे बदल बहुतेक वेळा लक्षणांशिवाय असतात आणि डोस उतरला की विरतात. पोरगा सुस्त, अंग ढिलं किंवा हातपाय वाकडेतिकडे हलवत असेल तर मात्र फोनवर भागवू नका, पाठवा. डोळे तपासून झाले नसतील तर तेही लिहा, या औषधाने बाजूची नजर कायमची जाऊ शकते.

अमरावती_मेडिकल
अर्धीमुर्धी गोळी देऊ नका. ५०० ची गोळी १० मिली पाण्यात पूर्ण विरघळवली की १ मिलीत ५० मिग्रॅ. सुईशिवायच्या सिरिंजने मोजून द्या, उरलेलं फेका. चमच्याचा भरवसा नाही.

कृमीमुक्त
तरी एकदा शौच तपासणी करून घ्यायला काय हरकत आहे?

फिल्मवाला
करा, पण अल्बेंडाझोलचं नाव काढू नका.
धारणीवाले, उद्या पालकांकडून सीडी मागून घ्या, सीटीची आणि एमआरआयची दोन्ही. फिल्मवरून कोणी मिलिमीटर मोजत नाही. पुढच्या मागणीपत्रावर 'टीएससी, व्हिगाबॅट्रिन इतके मिग्रॅ, मन्रोजवळ ७ मिमी' एवढं लिहा. झोपेच्या औषधासाठी उपाशी ठेवताना दूध-जेवण ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. फिट्सची सकाळची मात्रा घोटभर पाण्यासोबत द्यायचीच, ती चुकली म्हणून मशीनवरच झटका येतो. त्याच बैठकीत पोटाचा एमआरआय उरकता आला तर किडनीतल्या अँजिओमायोलिपोमाचंही (टीएससीच्या गाठीचंही) कळेल.

वर्धा_बालरोग
आणि आशाताईंकडे टेप द्या, दर महिन्याला डोक्याचा घेर. मन्रोचं भोक बुजलं की व्हेंट्रिकल फुगतात. घेर झपाट्याने वाढला, टाळू तट्ट झाली, नजर खाली ओढली, किंवा सकाळी उठल्याउठल्या उलट्या होऊ लागल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. सेमाडोहच्या घाटात सगळीच लेकरं ओकतात, ती उलटी वेगळी. घरी बसून होणारी विचारा.

आरबीएसके_धारणी
फोन झाला. डोस कमी करून दिला, टप्प्याटप्प्याने. नोड्यूलसाठी सहा महिन्यांनी एमआरआय. घेर उद्या घेतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) राहिला आहे.

वर्धा_बालरोग
इको कराच, ईसीजीसोबत. हृदयातले रॅब्डोमायोमा (टीएससीच्या गाठी) या वयात आकसत असतात, पण ठोक्यांची लय बिघडवतात.

नवजात_कक्ष
ह्याच धाग्यात विचारतो, सिकल सेलच्या चार वर्षांच्या पोरीला डोक्याचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) की सरळ एमआरआय?

फिल्मवाला
डॉप्लर, २ वर्षांपासून दरवर्षी. नवा धागा काढा, वय-वजन पहिल्या ओळीत लिहा.