बाबा गेले. आईला सांगायचं का?

(मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळींच्या मेल-यादीवरच्या, कोविडच्या लाटेतल्या मे २०२१ मधल्या मेल. टार्नीट, पॉइंट कुक वगैरे इथलीच उपनगरं. लिहिणाऱ्यांना विचारून, नावं गाळून संग्रहात ठेवतोय. मधल्या 'सहमत' एवढ्याच मेल काढल्या आहेत. — यादी सांभाळणारा)

शनिवार, ८ मे २०२१. टार्नीटहून

नमस्कार मंडळी,

काल संध्याकाळी सांगलीला माझे बाबा गेले. कोविडनेच. बातमी व्हॉट्सॅपवर फिरलीच आहे, तेव्हा श्रद्धांजलीचे निरोप इथे नकोत. फोनही नकोत, कारण माझा फोन मला मोकळा हवाय.

एका गोष्टीवर मात्र तुमचं मत हवंय. आई मिरजेला दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, ऑक्सिजनवर. छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी चौदा, मास्क लावून सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९१-९२. दोघांना एका ठिकाणी बेड मिळालेच नाहीत. भाऊ पॉझिटिव्ह, वरच्या खोलीत बंद. बाबांना अग्नी चुलतभावाने दिला, पीपीई किट घालून, लांबूनच.

आईचा मोबाईल तिच्याजवळ आहे. रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न: "हे जेवले का?" काल भाऊ 'हो' म्हणाला. आज तिने मला विचारलं. मी "आवाज येत नाहीये गं" म्हणून फोन ठेवला.

घरातल्या बहुतेकांचं म्हणणं, ती घरी येईपर्यंत बोलायचं नाही. मामा तर म्हणतो, बाबांच्या मोबाईलवरून तिला अधूनमधून मेसेज टाकत राहू. मला ते ऐकवलं नाही. पण भाऊ म्हणाला, "तुला तिथून बोलायला काय जातंय, तिला काही झालं तर इथे मीच आहे." त्याचंही खोटं नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

शनिवार, ८ मे, रात्री. ग्लेन वेव्हर्लीहून

बाळ,

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. सांगू नका. निदान ऑक्सिजन सुटेपर्यंत तरी नाहीच.

ज्या माणसाची छाती इतकी भरली आहे त्याला जगायला औषधाइतकीच उमेद लागते. तुझी आई आत्ता श्वास घेतेय ती 'घरी जायचंय, ह्यांचं पथ्यपाणी बघायचंय' म्हणून घेतेय. तो धागा तोडून तुम्हाला काय मिळणार? आपण खरं बोललो याचं समाधान. ते तुमचं समाधान, तिचं नव्हे. माझा धाकटा भाऊ मागच्या सप्टेंबरात पुण्यात गेला. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना कोणीतरी फोनवर बायकोची बातमी दिली. त्या रात्री त्यांनी मास्क काढून टाकला. भावानेच मला हे सांगितलं होतं, आणि तोही पुढे घरी आला नाही. तेव्हा हे मी पुस्तकातलं लिहीत नाही.

मेसेजचं मात्र मलाही पटत नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने बोलू नये. 'त्यांना बोलायला त्रास होतोय' इतकंच म्हणा.

दहाव्याचं काय ठरलं ते कळव. मुलगा खोलीत अडकलाय म्हणून चुलतभावाने केलं तरी चालतं, काळजी करू नकोस. गुरुजींना व्हिडिओचं आधी विचारून ठेव. मागच्या वर्षापासून त्यांनाही सवय झाली आहे.

— काका

रविवार, ९ मे. पॉइंट कुकहून

टार्नीटच्या ताईस,

काकांचा मान राखून उलट लिहिते आहे.

आमच्याकडे लपवलं होतं. २०२० चा ऑगस्ट, ठाणे. बाबा गेले तेव्हा आई ऑक्सिजनवर, अगदी तुझ्यासारखंच. मी इथून, बहीण तिथून, दोघी रोज तिच्याशी हसून बोलायचो. बाबा झोपलेत, बाबांना वाफ देतायत, बाबांच्या मोबाईलला चार्जिंग नाही. सगळं नीट पार पडलं. आई बरी होऊन घरी आली. बहिणीने ठरवलं होतं, आधी चहा देऊ, मग जवळ बसून सांगू. पण शेजारच्यांनी दार उघडून ठेवलं होतं आणि समोरच हॉलमध्ये हार घातलेला फोटो.

आई तेव्हा काही बोलली नाही. नंतर बोलली, आणि अजून बोलते. ती बाबा गेल्याचं रडत नाही इतकं आमच्या त्या फोनांचं रडते. "मी त्यांच्यासाठी अंगारा मागवला तेव्हा तुम्ही हो म्हणालात. तेव्हा दहावा होऊन गेला होता." आता बहिणीने 'डॉक्टर म्हणाले बीपी ठीक आहे' म्हटलं तरी आई कागद मागते. घरातल्या कोणाच्याच साध्या शब्दावर तिचा भरवसा उरलेला नाही.

काका म्हणतात उमेद. असेलही. पण रोज संध्याकाळी 'जेवले का' विचारणाऱ्या बाईला काहीच कळत नाही असं मला वाटत नाही. बाबांचा आवाज ऐकू आला नाही तर ती दोन दिवस गप्प बसेल, तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींना विचारेल. मग ते मावशींच्या तोंडून कळलेलं तुम्हाला चालेल का, याचा विचार करा.

रविवार, ९ मे. बॉक्स हिलहून

मी जीपी (इथली फॅमिली डॉक्टर) आहे, तुझ्या आईची डॉक्टर नाही. फाईल पाहिल्याशिवाय तब्येतीवर बोलणार नाही. सांगण्याच्या पद्धतीवर मात्र बोलते, ते माझं रोजचं काम आहे.

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा की गेल्या दोन दिवसांत ऑक्सिजन वाढवावा लागतोय की कमी होतोय. वाढत असेल, बायपॅपची (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची) भाषा चालू असेल, तर एक-दोन दिवस थांबा, त्यात काही पाप नाही. स्थिर असेल तर थांबून फार काही हाती लागत नाही.

फोनवर सांगू नका. किट घालून आत जाणारा कोणीतरी हवा, जो तिचा हात धरू शकेल आणि पुढचा अर्धा तास तिथून हलणार नाही. नातेवाईक नसला तर ओळखीचा रेसिडेंट डॉक्टर, सिस्टर, कोणीही. वेळ सकाळची ठेवा. तिला स्टेरॉइड चालू असणारच, ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला ते देतातच. त्याने झोप उडते, जीव घाबराघुबरा होतो, साखर वर जाते. अशा माणसाला रात्री नऊला बातमी द्यायची आणि दिवे घालवून जायचं, हे करू नका. काकांनी सांगितलेल्या गृहस्थांच्या बाबतीत काय झालं मला माहीत नाही, पण फोनवर आणि रात्री, हे दोन्ही त्यात होतं.

सुरुवात तिच्यापासून करा. "ह्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" म्हणून विचारायचं आणि गप्प बसायचं. काही जण "मला आत्ता काही सांगू नका" म्हणतात, तोही तिचा हक्क आहे. पण तिने सरळ विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

आणि भावाला सांग, रेमडेसिव्हिर इंजेक्शनसाठी रात्रभर ग्रुपवर फिरणं बंद कर. त्याने मृत्यू टळतात असं दिसलेलं नाही, डब्ल्यूएचओने मागच्या नोव्हेंबरातच नको म्हटलंय. त्याला स्वतःला ताप आहे, तो पालथा झोपू दे आणि दर चार तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावू दे. घरात दुसरा पेशंट तो आहे, हे सगळे विसरले आहेत.

रविवार, ९ मे. वेरिबीहून

दोन जणांनी मला खासगीत विचारलं की ताई जात का नाही. तेव्हा सगळ्यांसाठी लिहितो. इथून बाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागते आणि भारतासाठी ती आता फार कडक केली आहे. गेलीच तर परत येणं हातात नाही. ३ मेपासून भारतातून येणारा ऑस्ट्रेलियन नागरिकसुद्धा गुन्हेगार: पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. १५ मेला हे उठणार म्हणतात, पण तिथे नाव नोंदवून बसलेले नऊ हजारांच्या आसपास आहेत आणि विमानात बसण्याआधी टेस्ट निगेटिव्ह हवी. आईला इकडे आणायचं म्हणाल तर यांच्या हिशोबात आईवडील जवळच्या कुटुंबात बसतच नाहीत. आयपीएल खेळायला गेलेले इथले क्रिकेटर निदान मालदीवला जाऊन बसले, आपल्याला तेही नाही.

भारताचं प्रवाशांसाठीचं पोर्टल त्याहून थोर. घरात मृत्यू झाला असेल तर आरटीपीसीआर रिपोर्टशिवाय येऊ देतात, मात्र अर्ज ७२ तास आधी करायचा. म्हणजे माणसाने जाण्याआधी तारीख कळवायची.

तेव्हा 'का जात नाही' हा प्रश्न तिला कोणी विचारू नका.

सोमवार, १० मे. यादी सांभाळणारा

'हुंगलं की ऑक्सिजन वाढतो' म्हणणारी कापूर-लवंग-ओव्याच्या पोटलीची मेल काल तीन वेळा आली, तिन्ही वेळा अडवली. चौथ्यांदा पाठवणाऱ्याला महिनाभर यादीबाहेर ठेवेन. या विषयावर ज्यांना सांगण्यासारखं आहे त्यांनीच लिहा.

बुधवार, १२ मे. टार्नीटहून

मंडळी,

काल सकाळी आईला सांगितलं.

ऑक्सिजन दोन दिवस वाढवावा लागला नव्हता. चुलतभावाच्या मेव्हणीची मैत्रीण त्याच हॉस्पिटलात रेसिडेंट आहे, ती आत गेली. मी आणि भाऊ व्हिडिओवर होतो, पण आम्ही बोलायचं नाही असं तिने आधीच बजावलं होतं. तिने डॉक्टरताईंनी लिहिलं होतं तसंच विचारलं. आई म्हणाली, "गेले ना?" मग किती वाजता, अग्नी कोणी दिला, आणि शुद्धीवर होते का. शेवटच्या प्रश्नाला भावाने खरं उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

मग तिने माझ्याकडे बघून सांगितलं, नातेवाइकांना कळव, मला एकानेही फोन करायचा नाही. "रडायला दम लागतो. तो आत्ता माझ्याकडे नाही. घरी गेल्यावर रडेन." मास्कमधून हे एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. सॅच्युरेशन ८८ वर आलं, सगळे घाबरले, तासाभराने परत ९१ झालं. आज ९३ आहे. पुढे काय होईल कोणालाच माहीत नाही. डॉक्टर 'बघू' म्हणतात.

दुपारी तिने पुन्हा फोन केला. ॲडमिट करताना दागिने काढून घेतले होते, मंगळसूत्र पाकिटात घालून भावाकडे दिलंय. ते कुठे ठेवलंय विचारलं आणि म्हणाली, तसंच राहू दे, त्याचं काय करायचं ते मी ठरवीन, आत्याला ठरवू देऊ नका. नंतर भावाला झापलं, तुझा ताप किती आहे ते मला रोज कळलं पाहिजे. त्याने तीन दिवसांत पहिल्यांदा नीट जेवण केलं.

पॉइंट कुकच्या ताई, तुमची मेल भावाला वाचून दाखवली. त्याच्यावरच तो तयार झाला. मामा बोलत नाहीये, असो.

बुधवार, १२ मे. क्रेगीबर्नहून

ताई, घाई नाही, पण भावाला बरं वाटलं की त्याच्या कानावर घाल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत सरळ होते, पुढे गेली की विलंब शुल्क आणि हेलपाटे. दाखल्यावर बाबांचं नाव आधार आणि पासबुकात आहे अक्षरशः तसंच यायला हवं. एका वेलांटीसाठी आमचं पेन्शनचं प्रकरण वर्षभर रखडलं. प्रती भरपूर काढा. तुझ्या सहीचे कागद लागले तर इथल्या वकिलातीत अपॉइंटमेंट घ्यावी लागेल. मी घेऊन जाईन.

गुरुवार, १३ मे. ग्लेन वेव्हर्लीहून

बाळ,

माझं मत अजून बदललेलं नाही. तुझी आई खमकी निघाली म्हणून निभावलं. सगळ्यांच्या आया अशा नसतात आणि पुढच्या कोणी ही मेल-मालिका वाचून तोच कित्ता गिरवू नये. ८८ चा आकडा वाचून मी रात्रभर जागा होतो. पण तिने 'आत्याला ठरवू देऊ नका' म्हटलं ते मला फार आवडलं. आमच्या आईला तेवढंही कोणी म्हणू दिलं नव्हतं.

आता रविवारचं. दहावा १६ तारखेला, सांगलीत सकाळी आठ, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. गुरुजींशी मी बोललो. चुलतभाऊ घाटावर असेल, माणसं मोजकीच. मोबाईल कोणीतरी हातात धरा म्हटलंय, मागच्या वेळी कठड्यावर ठेवला आणि आम्ही तासभर नुसतं आभाळ बघितलं. कावळा शिवायला वेळ लागला तर दर्भाचा करतील, ते बघून कोणी खट्टू होऊ नका. झूमची लिंक यादीवर टाकणार नाही, ज्यांना यायचंय त्यांनी मला विचारा. आईला जोडायचं का, ते आईला विचारा.

तेराव्यापर्यंत टार्नीटला डबे जातील: पॉइंट कुक, वेरिबी आणि क्रेगीबर्न यांनी वार वाटून घेतले आहेत. गोड पदार्थ नको. दारात ठेवा, बेल वाजवा, ती आत या म्हणाली तरच आत जा.

तिच्या लेकाला शनिवारी मराठी शाळेत मी नेतो. माझ्या गाडीत बूस्टर सीट नाही. कोणाकडे जास्तीची असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत आणून द्या.

— काका