मदत हवी आहे : संगणक अभियांत्रिकी की भूशास्त्र? मुलीच्या प्रवेशाचा पेच

नमस्कार. मी सिन्नर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून एमएचटी-सीईटीमध्ये तिला 93 पर्सेंटाइल मिळाले आहेत. या गुणांवर नाशिकमधील एका खासगी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळेल असा अंदाज आहे. तिला मात्र बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्यायचे आहे आणि या एका मुद्द्यावर आमच्या घरात तीन आठवड्यांपासून नीट जेवण झालेले नाही.

हे खूळ कालपरवाचे नाही, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो. ती आठवीत असताना भावाच्या शेतात विहीर खोदली जात होती. सुरुंग उडवल्यानंतर वर आलेल्या काळ्या दगडांच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबीसर आणि एक-दोन ठिकाणी फिकट हिरवे स्फटिक निघाले. मजुरांना त्यांचे काही वाटले नाही, पण ही मुलगी दिवसभर त्या ढिगाऱ्यावर बसून होती. पुढे तिने अंड्यांच्या ट्रेमध्ये त्यांचा संग्रह केला आणि प्रत्येक खड्ड्यात ‘काकांची विहीर, 42 फूट’ अशी चिठ्ठी ठेवली. न्हाणीघरातील अ‍ॅसिडचा थेंब टाकून कोणता खडा फसफसतो आणि कोणता नाही हे ती पाहत असे. फसफसतो तो कॅल्साइट, न फसफसणारे बरेचसे झिओलाइट, आणि दख्खनच्या बेसाल्ट या काळ्या खडकातील अशा स्फटिकांना जगभरातील संग्राहकांकडून मागणी असते, हे मला तिच्याकडूनच कळले. आमच्या गावात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर आहे. तिची पाणीपातळी मोजायला वर्षातून चार वेळा पथक येते, तेव्हा ही त्यांच्या मागे मागे फिरत असे. त्या पथकातील एक मॅडम भूवैज्ञानिक आहेत हे समजल्यापासून तिचा निश्चय पक्का झाला.

माझी अडचण आवडीबद्दल नाही, कालावधीबद्दल आहे. अभियांत्रिकीला चार वर्षे लागतात आणि महाविद्यालयात कॅम्पस मुलाखती होतात. भूशास्त्रात मात्र भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील राजपत्रित पदासाठी यूपीएससीची जी भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते, तिला भूशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे पाच वर्षे शिक्षणात गेल्यावर खरी स्पर्धा सुरू होणार. निवड झाली तर मूळ वेतनच 56,100 रुपयांपासून सुरू होते, हे मान्य आहे. पण जागा मोजक्या असतात आणि दर वर्षी त्यांची संख्या बदलते. निवड न झालेल्यांचे पुढे काय होते, हे मला कोणी सांगत नाही.

दुसरीकडे, संगणक म्हणजे पगाराची हमी हे माझ्या मेहुण्याचे म्हणणेही मला पूर्ण पटत नाही, कारण त्याच्याच मुलाला साडेतीन लाखांचे पॅकेज असलेले पत्र मिळूनही रुजू होण्यासाठी अकरा महिने वाट पाहावी लागली आणि आता तो प्रकल्प नसल्याने बेंचवर आहे. तरीही लग्नकार्यात ‘मुलगा आयटीत आहे’ हे वाक्य अजून चालते, हा भाग वेगळा.

पैशांचेही सांगतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले आहे, पण कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांची आहे आणि आम्ही ती थोडक्यात ओलांडतो. त्यामुळे अभियांत्रिकीसाठी वर्षाला सव्वा लाख आणि वसतिगृहाचा खर्च गृहीत धरला, तर कर्ज काढावे लागेल. बी.एस्सी.चा खर्च याच्या तुलनेत किरकोळ आहे.

आधी अभियांत्रिकी कर आणि मग हवे ते कर, असा मधला मार्ग मी तिला सुचवला होता. त्यावर तिने शांतपणे संगणकाच्या पदवीवर भूशास्त्राच्या वाटा कशा बंद होतात हे कागदावर काढून दाखवले. उलट भूशास्त्र करून पुढे जीआयएस (संगणकावरील नकाशा-माहिती प्रणाली) आणि सुदूर संवेदन (उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास) शिकता येते, असे ती म्हणते.

जाणकारांना माझी विनंती आहे की, आपण स्वतः भूशास्त्र केले असल्यास पदव्युत्तर पदवीनंतर पहिली नोकरी किती काळाने आणि किती पगाराची मिळाली, हे मोकळेपणाने सांगावे. जॅम या प्रवेश परीक्षेतून आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एम.एस्सी. केल्याने खाण, बोगदे किंवा धरणांच्या कामांत खरोखर फरक पडतो का? खाणीत जमिनीखाली तांत्रिक कामासाठी महिलांना 2019 पासून मुभा आहे, पण कंपन्या मुलींना प्रत्यक्षात घेतात का? ‘छंद म्हणून जोपासू द्या’ असा सल्ला कृपया देऊ नये, तो तिच्या आजीपासून सर्वांनी देऊन झाला आहे.

एक कबुलीही देतो. मला गणितात पदवी घ्यायची होती, पण नोकरी लवकर लागते म्हणून मी डी.एड. केले. त्यामुळे मुलीची बाजू घेताना मी तिचे हित पाहतो आहे की माझी जुनी हौस भागवतो आहे, याची मला खात्री वाटत नाही.

पुरवणी : प्रतिसादांबद्दल आभार. दोघांनी विचारले म्हणून लिहितो, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात तिचे नाव गुणवत्ता यादीत लागले आहे आणि शुल्क भरण्याची मुदत परवापर्यंत आहे. अभियांत्रिकीची पहिली कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरी त्यानंतर जाहीर होणार आहे. तिथे पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ती जागा आपोआप निश्चित होते, म्हणून महाविद्यालयांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म कोणत्या क्रमाने भरावा हेही सांगावे. दोन्हीकडे मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागतात, आणि तो एकच असतो.