मदत हवी आहे: नकळत विनोदी झालेले मथळे

नमस्कार मंडळी. ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला (१८३२ साली याच तारखेला 'दर्पण' निघालं) आमच्या घणसोलीच्या सोसायटीत एक भिंत सजवायची आहे. विषय: छापणाऱ्याच्या लक्षातच आलं नाही असे विनोदी मथळे.

आपल्याकडे अर्धी करामत गावांच्या नावांचीच. 'दिवा अंधारात' घ्या (दिवा हे ठाण्याजवळचं स्टेशन). किंवा 'ब्रह्मांडात पाणी नाही'. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची ब्रह्मांड नावाची वसाहत ठाऊक नसलेला नागपूरकर हे वाचून देव पाण्यात ठेवायला धावेल, पण पाणी कुठाय? हार्बर लोकलच्या पासावर रोज मानसरोवर (नवी मुंबईतलं स्टेशन) घडतं ते वेगळंच. आणि 'माहिती असल्यास कळवा पोलिसांना कळवा' यात तर कुणाची चूकही नाही, पहिलं कळवा हे ठाण्याजवळचं गाव! कोपर, कोपरी, कोपरखैरणे हा गोंधळ मात्र मला विनोदी कमी आणि त्रासदायक जास्त वाटतो, तो वगळतोय.

अडचण अशी की वरचे सगळे नमुने मी मनानेच रचलेत. मला खरी कात्रणं हवीत, तारीख आणि पान दिसणारी. व्हॉट्सॲपवर फिरणारी बरीचशी बनावट वाटतात: मथळ्याचा फॉन्ट वेगळा, खालचा मजकूर भलत्याच बातमीचा. दोन कॉलमात कोंबायला विभक्ती खाल्लेला एखादा मथळा मिळाला तर सोन्याहून पिवळं. अपघात-मृत्यूच्या बातम्या कृपया नकोत.

दुसरं, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) जुन्या अंकांच्या फायली चाळायला मिळतात का? मोबाईलने फोटो काढू देतात का, की आधी अर्ज करावा लागतो?